उलट्या हाताचा अंदाज

गाडीचं मागचं दार आपटल्याचा आवाज आला आणि लाँड्रीत घडीच्या टेबलाभोवती बसलेल्या तिघांनीही तो ऐकलाच नाही असा चेहरा केला. या घरातल्या माणसांचं एरवी कशावर एकमत होत नाही, पण न ऐकल्यासारखं करणं सगळ्यांना सारखंच जमतं.

सुट्टीचा दिवस होता. बॉयलर थंड होता, चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर जाड कापडाखाली झाकलेला होता आणि वरच्या दांड्यांवर गिऱ्हाइकांचे कोट आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लोंबत होते. खळीचा आणि ओल्या सुताचा वास मात्र सुट्टी घेत नाही. टेबलाच्या डोक्याशी आई बसली होती, ॲप्रन घालून. तिला सुट्टीच्या दिवशीही ॲप्रन लागतो. तिच्या उजव्या हाताला थोरला, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, कारण खाली सोडले की संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशा होतात. समोर मधली. मधली आयुष्यभर काउंटरवर बसली, आणि मागणी घालायला आलेल्या माणसालाही तिनं पावती फाडून दिली, अशी थट्टा घरात अजून चालते. धाकट्याची मात्र गेली कित्येक वर्षं थट्टाही होत नव्हती.

दुपारी थोरल्याच्या बायकोनं गाडीची किल्ली उचलली होती. लाँड्रीची गाडी तीच चालवते, आणि घरात काही हलायचं असलं की तीच हलवते.

"मी भाऊजींना आणायला चाललेय," ती म्हणाली होती. "ज्याला पसंत नसेल त्यानं दाराला आतून कडी घालावी."

कडी कुणी घातली नाही. आईनं एवढंच विचारलं होतं, "पोर रात्री जेवणार का, की लगेच जाणार?" सुनेनं त्याला होकार मानलं.

आणि आता ते 'पोर' दारात उभं होतं. एकोणिसाव्या वर्षी गेलेला माणूस चाळिशीला टेकून परत आला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचे ते मोठे, नखांत ग्रीस मुरलेले हात त्यानं कुठं ठेवावेत ते न कळून खिशात घातले आणि आधी माणसांकडे न बघता यंत्रांकडे बघितलं.

"रोलर अजून तोच?"

"चालतोय तर कशाला बदलायचा?" आई म्हणाली.

इतक्या वर्षांनी मायलेकांचं समोरासमोर झालेलं हे पहिलं बोलणं. मधलीनं घाईघाईनं उठून खुर्ची ओढली, पाणी आणलं, ग्लास पुसला, पुन्हा पुसला. धाकटा दाराजवळच्या खुर्चीवर टेकला, लगेच उठायचं असल्यासारखा.

"सांगितलंस ना त्याला?" थोरल्यानं बायकोला विचारलं. भावाकडे त्यानं बघितलं नाही.

"सगळं. सकाळी डॉक्टरीणबाई जे जे म्हणाल्या ते. तुमची मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत, पुढच्या आठवड्यापासून रक्त यंत्रावर साफ करायचं. भाऊजींचं मूत्रपिंड घेता येणार नाही, कारण त्यांनाही हाच आजार. ताईंचंही नाही."

"माझं का नाही ते मला अजून कळलेलं नाही," मधली म्हणाली. "जन्मात मी कधी अंथरूण धरलं नाही."

तिचा आवाज जरा चिरकला. रक्ताची तपासणी झाली त्या दिवसापासून ती मनातल्या मनात दवाखान्याची पिशवी भरत होती. या घरात तिच्याकडे कुणी कधी काही मागितलं नव्हतं, सुटे पैसे सोडून. आता पहिल्यांदाच तिच्याजवळ द्यायला काहीतरी होतं आणि ते सकाळी त्या बाईंनी चष्मा पुसत परत केलं होतं. तिला राग यायला हवा होता. पण तिला फक्त लाज वाटत होती, आणि कसली ते तिलाच सांगता आलं नसतं.

"त्याला विचार," थोरला म्हणाला. "तो आता तज्ज्ञ आहे."

धाकट्यानं टोमणा गिळला. मग बहिणीकडे वळला. तिच्याशी बोलणं त्याला सोपं होतं. लहानपणीही तेवढंच सोपं होतं.

"ताई, बॉयलरला व्हॉल्व्ह असतो ना? वाफ जास्त झाली की उघडतो आणि शिट्टी मारतो. अंगातही तसंच आहे. जंतू शिरला, काही लागलं, की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. धावा म्हणून. मग ताप येतो, सूज येते, ठणकतं. काम झालं की निरोप थांबतात. आपल्या घरात त्या व्हॉल्व्हचा स्क्रू जन्मापासून सैल बसलाय. एका जनुकात एवढासा फरक. बाबांकडून आलेला. वाफ नसतानाच शिट्टी वाजते. जंतू नाही, जखम नाही, आणि सगळं अंग धावत सुटतं. दोन-तीन दिवस धावतं, मग आपोआप गप्प."

"आणि माझा स्क्रू?"

"तुझाही सैल आहे. फक्त वाजला नाही कधी."

"हिचा सैल आहे हे आम्हाला रक्त न तपासताच माहीत होतं," थोरला म्हणाला.

मधली हसली. तिला रडू येत होतं, पण भावाला अजून थट्टा सुचते याचं तिला बरं वाटलं.

"पण मग एकाच घरात हे असं कसं?" तिनं विचारलं. "दादाला भट्टीसारखा ताप, तुला पोटदुखी, आणि मला काहीच नाही?"

"का ते त्यांनाही पुरतं सांगता येत नाही. फरक एकच असला तरी प्रत्येकाच्या अंगात बाकीचं सामान वेगळं असतं. पण तुझं एक मूत्रपिंड काढून घेतलं आणि पुढं उरलेल्यावर हे उलटलं, तर? तो धोका त्या घेणार नाहीत. मीही घेऊ देणार नाही."

"आणि मूत्रपिंडाशी तापाचा काय संबंध?" हे आईनं विचारलं. तिनं सकाळी डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं होतं. पण ती परक्या माणसाचं ऐकते आणि घरच्या माणसाशी त्यावर भांडते.

"दर वेळी शिट्टी वाजली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते सगळं निघून जात नाही. साचतं. आपल्या नळ्यांत खळ साचते तसं. वर्षानुवर्षं साचत गेलं की मूत्रपिंड गाळायचं थांबतं. बाबांचे पाय सुजायचे..."

"तुझे बाबा दिवसभर उभे राहून राहून गेले."

"बरं," धाकटा म्हणाला.

"आणि तू? तुझं नाही साचलं?"

"मी रोज गोळी घेतो. साधी, स्वस्त गोळी आहे. शिट्टीच वाजू देत नाही ती. माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत."

थोरल्यानं खुर्चीवरचे पाय जरा सरकवले आणि सुजेवर मोज्याची जी खाच उमटली होती तिच्यावरून बोट फिरवत बसला.

सून या शांततेचीच वाट बघत होती. ती बसलीही नव्हती. किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

"उद्या सकाळी बटणला घेऊन यायला सांगितलंय," ती म्हणाली. "तिचं रक्त घेणार. फरक निघाला तर तिलाही गोळी, लगेच. मी घेऊन जाणार आहे. एवढंच बोलायला मी सगळ्यांना एका टेबलावर आणलंय."

बटण म्हणजे थोरल्याची एकुलती एक मुलगी. रांगत्या वयात ती कपड्यांतून गळालेली बटणं तोंडात घालायची म्हणून हे नाव पडलं. आता बाराव्या वर्षात होती आणि माळ्यावर अभ्यास करत होती, म्हणजे वह्या उघड्या ठेवून ऐकत होती. गेलं वर्षभर तिचं पोट दुखायचं. महिन्या-दीड महिन्यानं दुखायचं, दोन दिवस राहायचं आणि जायचं.

"नाही," थोरला म्हणाला.

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही. पोरगी चांगली आहे. बाराव्या वर्षी तिच्या हातात द्यायचं का हे, की तुझ्यातच खोट आहे म्हणून?"

"तिच्या पोटात दुखतं हो!"

"परीक्षा आली की दुखतं," आई म्हणाली. "आणि ताप नसतो. मी दर वेळी स्वतः बघते, हात लावून. एकदाही ताप नव्हता."

झालं. या घरात आईनं हात लावला की विषय संपतो.

इस्त्री किती तापली ते बघायला लाँड्रीतली माणसं हाताची उलटी बाजू तिच्या तळाजवळ नेतात. आईचा हात या कामात पक्का, असा तिचा लौकिक होता. रेशमाला किती, सुताला किती, लोकरीला किती, इस्त्रीची उष्णतेची चकती न बघता सांगायची. मग पोरं झाली, आणि तोच हात त्यांच्या मानेवर आला. घरात थर्मामीटर कधी नव्हता, कारण आईचा हात होता. त्या हातानं ताप आहे म्हटलं तर शाळा बंद, काम बंद, मागच्या खोलीत ओल्या चादरीत झोपायचं, आणि आई उशाशी. गार आहे म्हटलं तर उठायचं आणि कामाला लागायचं.

थोरल्याचा ताप हाताला लागायचा. त्याच्या आठवणीतली आई त्या मागच्या खोलीतली होती, चादर पिळून पुन्हा अंगावर घालणारी, गुणगुणणारी. एरवी तिला वेळ नसायचा. ताप आला की पहिल्या हुडहुडीबरोबर त्याला भीती वाटायची आणि तिच्या मागोमाग एक चोरटा आनंदही व्हायचा, की आता तीन दिवस आई आपली. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तेच दिवस त्याच्या मूत्रपिंडात साचत होते. हे त्याला कबूल करायचं नव्हतं. मेलो तरी चालेल, पण ते दिवस कुणी वाईट म्हणू नयेत, असं त्याला खरोखर वाटत होतं. आणि बटणच्या बाबतीत नाही म्हणताना हेच मागं होतं, खोटबिट नव्हे.

धाकट्याचं उलट. त्याचं पोट दुखायचं, पाय आखडायचे, आणि मानेवर हात आला की तो गार निघायचा. हळूहळू त्याचं नाव नाटक्या पडलं. आधी लाडानं म्हणायचे, मग लाड गळून पडला. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या चादरींचा ढीग लागला होता आणि तो रोलरच्या मागं पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. आई आली, वाकली, उलटा हात मानेला लावला आणि म्हणाली, "गार आहे. ऊठ." तो उठला. रोलरपाशी कामाला उभा राहिला. तासाभरानं चादरींवरच कोसळला, चादरी करपल्या, हॉटेलनं काम काढून घेतलं आणि बाबांनी सगळ्यांदेखत त्याला मुस्काटात मारली. रात्रीच तो गेला.

"ताप हा आजाराचा पुरावा नसतो, आई," धाकटा आता म्हणाला. "माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. कुणाला ताप कमी येतो आणि दुखणं जास्त असतं."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला? पन्नास वर्षं या हातावर धंदा चाललाय." आई उठली. भांडण तिला बसून जमत नाही. "पोरीचा उद्याचा शाळेचा सदरा राहिलाय. शाळेत जाणार आहे ती उद्या, कळलं का? शाळेत."

कोपऱ्यातल्या लहान इस्त्रीचं बटण तिनं मघाशीच दाबून ठेवलं होतं. टेबलावर सदरा पसरला, कॉलर सरळ केली.

मधली ताठ झाली. सुट्टीच्या दिवशी ती इस्त्रीकडे लक्ष ठेवत नसे, आणि आज ती टेबलाशीच बसून राहिली होती. एरवी आई इस्त्रीकडे वळली की मधली काहीतरी निमित्त काढून आधी तिथं पोचायची आणि चकती मागं फिरवायची. मोठ्या इस्त्र्यांच्या चकत्यांना तिनं चिकटपट्टीच लावून टाकली होती, आई विचारेल तर 'चकत्या ढिल्या झाल्यात' म्हणून.

आईनं इस्त्री उचलली, उलटी धरली आणि हाताची पाठ तळाजवळ नेली. इतकी जवळ नेली की ती टेकली. चर्र असा बारीक आवाज झाला.

"अजून तापायचीय," आई म्हणाली. पण सवयीनं तिनं ती सदऱ्यावर ठेवलीच आणि धाकट्याकडे वळून बोलू लागली. "या हातानं मी तुम्हा तिघांना..."

करपल्याचा वास सगळ्यांना एकदम आला. धाकटा उठेपर्यंत सून पोचली होती. तिनं इस्त्री उचलली. पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी तपकिरी त्रिकोण उमटला होता.

आई त्या त्रिकोणाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. हाताच्या पाठीवर लाल चट्टा उठत होता, कडेला पाणी धरत होता. तिच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

"आई, हात पाण्याखाली धर," मधली म्हणाली.

"कशाला? काही झालं नाही."

"भाजलाय."

"मला कळलं नसतं का?"

मधलीनं भावाकडे बघितलं, मग वहिनीकडे. आयुष्यभर ती आईच्या बाजूला बसली होती. काउंटर तिकडेच होता, म्हणून असेल. आता ती उठून टेबलाच्या या बाजूला आली आणि आईचा हात धरून नळाखाली नेला.

"नाही कळत तुला, आई," ती नळाच्या आवाजात म्हणाली. "कातडं जळून जळून मेलंय ते. मी चकत्या फिरवत असते म्हणून चालतंय. किती वर्षं फिरवतेय मलाही आठवत नाही."

"कधीपासून?" आईनं विचारलं. तिचा आवाज गिऱ्हाइकाचा कपडा हरवल्यावर निघायचा तसा निघाला. "कधीपासून कळत नाही मला?"

"मला काय माहीत? मला कळलं तेव्हापासून."

आईनं मान वळवली. धाकटा अर्धवट उभा होता, टेबलाला धरून.

"तुला त्या दिवशी ताप होता का रे?"

एवढी वर्षं या प्रश्नाची उत्तरं त्यानं लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून पाठ केली होती. त्यातली काही फार बोचरी होती. आता समोर पांढऱ्या केसांची बाई नळाखाली हात धरून उभी होती आणि ती उत्तरं त्याच्या उपयोगाची राहिली नव्हती.

"माहीत नाही, आई. मोजला कुणी?"

नळ तसाच वाहत राहिला. थोरल्यानं पाय खुर्चीवरून खाली घेतले. आईचा असा चेहरा त्याच्यानं बघवत नव्हता, आणि न बघवलेल्या गोष्टीचा राग माणूस जवळ असलेल्यावर काढतो. तो भावावर उसळला.

"आता बोलतोयस! गोळी कधीपासून घेतोस?"

"दादा..."

"ही म्हणाली नऊ वर्षं. नऊ वर्षं तुला माहीत होतं. एक गोळी, साधी, स्वस्त! आणि मी इथं ओल्या चादरीत पडून राहायचो. एक फोन नाही करता आला तुला? माझ्यावरचा राग होता का बाबांवरचा? मेल्या बापाचा सूड माझ्या मूत्रपिंडावर काढलास?"

धाकट्याचा चेहरा उतरला. तो तोंड उघडणार होता. त्याची नजर आईकडे गेली आणि त्यानं तोंड मिटलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "करायला हवा होता."

सुनेनं ती नजर पाहिली. गाडी चालवणाऱ्या बाईला आरशातलं दिसतं. ती काही बोलणार, तेवढ्यात आईनं नळ बंद केला.

"त्यानं केला होता," ती म्हणाली.

"काय?"

"फोन. मला केला होता. तुझे बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. 'आई, मला आजार सापडलाय, तो घराण्याचा आहे, दादाला दाखवून घ्यायला सांग' म्हणाला. मी म्हटलं, नाटकाला आता डॉक्टरही मिळाला का? आणि ठेवून दिला."

वर माळ्यावर वही मिटल्याचा आवाज झाला.

आईला खरं म्हणजे पुढंही सांगायचं होतं. फोन ठेवल्यावर ती रोलरपाशी जाऊन उभी राहिली होती. पोरगा खरं बोलत असेल तर त्या दिवशी आपण आजारी लेकराला हाताला धरून कामावर उभं केलं, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. ते खरं असू नये म्हणून तिनं तो फोन आलाच नाही असं ठरवून टाकलं. थोरल्याचा पुढचा ताप आला तेव्हा तिनं चादर जरा जास्तच गार पिळली होती. पण हे सगळं बोलायला शब्द लागतात आणि तिच्याजवळ ते नव्हते. ती ओला हात ॲप्रनला पुसत राहिली. चट्ट्यावरचं कातडं सुटलं, तेही तिला कळलं नाही.

"मी पुन्हा करायला हवा होता," धाकटा म्हणाला. "दादा, ते खरंच आहे. एकदा झिडकारलं म्हणून मी फुगून बसलो. दर वर्षी वाटायचं, करू. मग वाटायचं, बघू दे त्यांनाच."

थोरला दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्या मनात सगळं उलटंपालटं झालं होतं. ज्याच्यावर चिडायचं तो भाऊ खाली मान घालून उभा होता, आणि जिनं उशाशी बसून जिवापाड जपलं तिनंच... त्याला ते वाक्य पुरं करवेना. ज्याला कुणी जपलं नाही तो धडधाकट उभा होता. थोरल्याला हसूच आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"म्हणजे तू वाचलास," तो भावाला म्हणाला, "कारण हिचा तुझ्यावर विश्वास नव्हता."

"तसं नको बोलू."

"मग कसं बोलू?"

सुनेनं करपलेल्या सदऱ्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. आजवर तिला या घराशी भांडता येत होतं, कारण घर भिंतीसारखं समोर उभं असायचं. आता ते असं बसकं झालेलं बघून तिलाच धीर धरवेना. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण त्याच्याकडे जायला आईला ओलांडून जावं लागलं असतं.

माळ्याची शिडी करकरली. बटण उतरत होती. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, कठड्याला धरून. खाली आली आणि शिडीलाच टेकून उभी राहिली.

"माझा सदरा जळला?" तिनं विचारलं.

"दुसरा देऊ," मधली म्हणाली. "तू वर बैस."

पण धाकट्यानं तिच्याकडे बघितलं आणि तो बघतच राहिला. पुतणीला तो आज पहिल्यांदाच पाहत होता. ती कमरेत किंचित वाकून उभी होती, उजवा गुडघा पोटाकडे जरासा उचललेला, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून हातातली वही पुढं धरलेली. वहीच्या ऐवजी तो चादरीची घडी धरायचा.

आईनंही पाहिलं. ती नातीजवळ गेली आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं तिचा उजवा हात वर आला, उलटा, मानेच्या दिशेनं. बटणनं मान वाकडी करून जागा करून दिली. तिलाही सवय होती. हात मानेपासून वीतभर अंतरावर थांबला. त्यावरचा चट्टा आता नीट दिसत होता, लाल, ओला. आईनं हात मागं घेतला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. मग काय करावं ते तिला सुचेना. लेकराला विचारायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"दुखतंय का ग?" तिनं विचारलं.

बटणनं आजीकडे बघितलं, मग बापाकडे. हा प्रश्न या घरात नवा होता आणि त्यात काय डाव असेल याचा ती अंदाज घेत होती. मघापासून वरून ऐकलेली भांडणं तिच्या चेहऱ्यावर होती. तिनं वही पोटाशी आणखी घट्ट धरली.

"नाही, आजी," ती म्हणाली. "काही नाही दुखत."

तिच्या वरच्या ओठावर घाम होता. सून पुढं झाली, पण आईनं खिशात नसलेला हात आडवा धरून तिला थांबवलं. आई नातीसमोर खाली बसली. गुडघे वाजले, टेबलाला धरावं लागलं. मग तिनं खालून वर त्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, डाग जाईल की राहील ते बघताना कापडाकडे बघायची तसं. पोरगी हसायचा प्रयत्न करत होती.

"नाटक करतेय ती," आई म्हणाली. तिनं मान वळवून थोरल्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज फुटला. "दुखत नसल्याचं नाटक करतेय रे. आम्ही शिकवलंय तिला."

थोरला उठला. सुजलेले पाय जमिनीवर टेकवत शिडीपर्यंत आला आणि मुलीच्या हातातली वही काढून घेतली. वही निघाली तशी बटण पोटाशी दुमडली आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. थोरल्यानं तिला धरलं. मग भावाकडे बघितलं, तो आल्यापासून पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

"उद्या तूही चल," तो म्हणाला. "कुठं कुठं दुखतं ते तुला विचारता येईल. आम्हाला नाही येत."

धाकट्यानं मान हलवली. आई अजून खालीच बसली होती. तिला उठवायला मधलीनं हात पुढं केला, तेव्हा आईनं खिशातला हात बाहेर काढला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दुसरा दिला.